निळ्या हनिसकलची कुळकथा

द्राक्ष, अंजीर, खजूर, डाळिंब ही फळझाडे माणसाने प्रथम कुठे लावली याचा माग पुरातत्त्वज्ञांना जळक्या बिया आणि मातीत टिकून राहिलेले परागकण यांच्या आधारे काढावा लागतो, कारण त्यांची लागवड लेखनकलेच्या फार पूर्वी सुरू झाली. उत्तर गोलार्धातील थंड डोंगरांत आणि दलदलींत उगवणाऱ्या निळ्या हनिसकलचे तसे नाही. लोनिसेरा सीरुलिया या शास्त्रीय नावाने ओळखले जाणारे हे रानझुडूप शतकानुशतके केवळ वेचून खाण्याचे राहिले. ते बागेत आले, त्याचे वाण निघाले आणि त्याची रोपे एका खंडातून दुसऱ्या खंडात गेली, ते सारे बहुतांशी एका माणसाच्या आयुष्याएवढ्या अवधीत, नोंदवह्या आणि संशोधनपत्रिका शाबूत असताना घडले. रानटी वनस्पतीचे फळझाड कसे होते हे पाहण्यासाठी इतके उघडे उदाहरण क्वचितच सापडते. त्या नोंदी तपासू लागले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: या फळात गोडी कोणा शास्त्रज्ञाने आणली नाही, ती काही ठिकाणच्या काही झुडपांत आधीपासूनच होती, आणि ती झुडपे कोणती हे तिथल्या वेचणाऱ्यांना ठाऊक होते.

लोनिसेरा ही कॅप्रिफोलिएसी कुलातील मोठी प्रजाती असून तिच्यात दीडशेहून अधिक जाती मोडतात. फ्रँकफुर्टचा वैद्य आणि वनस्पतिकोशकार आडाम लोनित्सर (१५२८–१५८६) याच्या स्मरणार्थ लिनियसने ते नाव रूढ केले. भारतीय वाचकाच्या ओळखीचे हनिसकल म्हणजे बहुधा बागेत कमानीवर चढवलेला, सुगंधी फुलांचा जपानी वेल. निलगिरीच्या शोलावनांच्या कडेने लोनिसेरा लेशेनॉल्टी ही रानटी जात वाढते आणि हिमालयात तर या प्रजातीची कितीतरी झुडपे आहेत. वेलींपेक्षा झुडपेच या प्रजातीत अधिक. त्यांची फळे पक्षी आवडीने खातात, पण माणसाला ती बहुतेक कडू, काही तर पोटाला बाधणारी ठरतात. अशा घराण्यातून खाण्याजोगे फळ निघणे हीच मुळात अपवादात्मक बाब होय.

निळे हनिसकल साधारणपणे कमरेपासून डोक्याएवढे उंच वाढते. पाने समोरासमोर, लंबगोल, कोवळेपणी लवदार; जुन्या खोडांची तांबूस तपकिरी साल लांब पट्ट्यांनी सुटत राहते, त्यामुळे हिवाळ्यात पाने नसतानाही झुडूप ओळखता येते. जोमदार फुटव्यांवर पानांच्या बुडाशी खोडाला वेढणारी एक गोल चकती दिसते. पर्णकक्षात, म्हणजे पान आणि फांदी यांच्या बेचक्यात, कळ्या एकीवर एक अशा रांगेने बसलेल्या असतात. वरची कळी गोठली किंवा हरणाने खुडली तर खालची फुटते. डोंगरावरच्या बेभरवशाच्या वसंत ऋतूत ही राखीव कळ्यांची तरतूद फार मोलाची आहे.

तथापि या वनस्पतीचे खरे वैशिष्ट्य तिच्या फळात आहे आणि तिथे थोडे थांबायला हवे. हनिसकलच्या बहुतेक झुडपी जातींत एका देठावर दोन फुले जोडीने येतात. प्रत्येक फुलाचे किंजपुट, ज्यापासून पुढे फळ बनते तो भाग, पाकळ्यांच्या खाली असते; त्याला अधःस्थ किंजपुट म्हणतात. फुलांच्या बुडाशी छदके, म्हणजे अगदी लहान पर्णसदृश अवयव असतात. इतर जातींत ही छदके सुटी राहतात आणि एका देठावर दोन शेजारी फळे किंवा एकमेकांना चिकटलेले जुळे फळ दिसते. निळ्या हनिसकलमध्ये मात्र चारही छदके एकमेकांशी जुळून एक पेला तयार होतो, तो दोन्ही किंजपुटांना सर्व बाजूंनी झाकतो, पुढे मांसल होतो, निळा पडतो आणि त्यावर मेणाचा पांढुरका थर चढतो. जे एक फळ म्हणून तोडले जाते ते आडवे कापले तर आत दोन स्वतंत्र मृदुफळे दिसतात, आणि टोकाशी दोन फुलांच्या दोन खुणा. कोकणातल्या माणसाने काजूचे बोंड डोळ्यांपुढे आणावे. तिथेही रसाळ भाग हा खरे फळ नसून फुगलेला देठ असतो. जपानी वनस्पतींचे वर्णन करताना माक्सिमोविच या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने निळ्या हनिसकलच्या तिथल्या रूपाला एम्फिलोकॅलिक्स हे नाव दिले, त्यातही या पर्णमय वेष्टनाकडेच निर्देश आहे.

फुले फिकट पिवळी, नरसाळ्याच्या आकाराची असून पाने उलगडता उलगडताच उमलतात. बर्फ नुकताच वितळलेला असतो आणि हवेत मधमाश्या विरळ असतात, तेव्हा हिवाळ्याची झोप संपवून बाहेर पडलेल्या भुंगेमाश्यांच्या राण्या या फुलांवर येतात. उमललेले फूल उणे ७ अंश सेल्सियसपर्यंतची थंडी सोसते आणि निद्रिस्त झुडूप उणे ४५ अंशांच्याही खाली तग धरते. एका झुडपाचे पराग त्याच झुडपाच्या फुलांवर पडले तर फळ जवळजवळ धरत नाही. त्याला स्वयंवंध्यता म्हणतात, आणि तिच्यामुळे प्रत्येक बी हे दोन निराळ्या झुडपांच्या संकरातून जन्मते. रानातील एकाच डोंगरउतारावर लांबट, गोल, सुरईसारखी, गोड, तुरट, कडू अशी परोपरीची फळे सापडतात त्याचे कारण हेच. फळ जूनमध्ये, स्ट्रॉबेरीच्याही आधी पिकते. त्याचा गडद रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा, तर कडूपणा मुख्यतः इरिडॉइड गटातील संयुगांचा असतो.

या झुडपाचा विस्तार उत्तर ध्रुवाभोवती जवळजवळ पूर्ण कडे करतो. आल्प्स, स्कँडिनेव्हिया, उरल, अल्ताय, तिएन शान, बैकल सरोवराचा परिसर, ईशान्य चीन, कामचात्का, कुरील बेटे, जपान आणि पलीकडे कॅनडा व ईशान्य अमेरिका असा हा पट्टा आहे. दक्षिणेकडे ते उंच डोंगरांवर चढलेले दिसते: आल्प्सच्या वनरेषेजवळ, तिएन शानच्या उतारांवर, होन्शू बेटाच्या पर्वतांत. उत्तरेकडे मात्र तेच झुडूप कामचात्काच्या नदीकाठी आणि होक्काइदोच्या मैदानी दलदलीत उतरते. थंड हवामानाच्या वनस्पतींत हे नेहमी आढळते; हिमयुग ओसरल्यावर त्या उत्तरेला तरी सरकल्या किंवा जवळच्या डोंगरमाथ्यावर तरी गेल्या, आणि जे समूह डोंगरांवर एकटे पडले ते हळूहळू आपल्या वाटेने वेगळे होत गेले.

या वेगळेपणाने वनस्पतिशास्त्रज्ञांना दोन शतके गुंतवून ठेवले. लिनियसने १७५३ मध्ये जातीला नाव दिले, आंद्रे मिशो याच्या उत्तर अमेरिकी वनस्पतींवरील १८०३ च्या ग्रंथात तिथल्या लवदार झुडपाचे वेगळे नाव आले, आणि पुढे अल्ताय, कामचात्का, बैकलपलीकडचा प्रदेश अशा प्रत्येक भागातून नवी नावे येत राहिली. आल्फ्रेड रेडर याने १९०३ च्या आपल्या लोनिसेरा-विवेचनात हा सारा पसारा एका जातीच्या अनेक उपप्रकारांत मांडला. उलट आंतोनिना पोयार्कोवा यांनी १९५८ मध्ये सोव्हिएत वनस्पतिकोशात त्याच्या अनेक स्वतंत्र जाती मानल्या. बागाईतदाराच्या दृष्टीने पोयार्कोवांची विभागणी अधिक उपयोगी ठरली असे म्हणावे लागेल, कारण ती चवीशी बरीच जुळते: अल्ताय आणि आल्प्समधील फळे बहुधा कडू, तर कामचात्का आणि अतिपूर्वेकडील पुष्कळ फळे आंबटगोड. युरोपने हे झुडूप आधी नामांकित केले आणि तरीही ते खाल्ले नाही याचा उलगडा यातच होतो.

जिथे फळ गोड होते तिथे ते खाल्ले जात होते. कोसाक सरदार व्लादिमीर अत्लासोव याने सतराव्या शतकाच्या अखेरीस कामचात्का पालथी घातली, आणि त्याच्या वृत्तांतात तिथल्या खाद्य फळांत झिमोलोस्त, म्हणजे हेच हनिसकल, येते. दर्यावर्दी बेरिंगच्या दुसऱ्या मोहिमेतील तरुण अभ्यासक स्तेपान क्राशेनिन्निकोव १७३७ ते १७४१ या काळात कामचात्कात राहिला. तिथल्या इतेलमेन लोकांचे अन्न, औषध, जाळी, होड्या सर्वांची बारकाईने नोंद घेणाऱ्या त्याच्या १७५५ च्या ग्रंथातही या फळाला स्थान आहे. होक्काइदोमधील आयनू लोक त्याला हास्काप म्हणत आणि तेच नाव आज जपान व कॅनडाच्या बाजारात चालते. या समाजांनी झुडूप लावले नाही ही त्यांची उणीव मानण्याचे कारण नाही. फळ मुबलक होते, वेचणीची जागा आणि वेळ ठरलेली होती, आणि चांगल्या झुडपाची माहिती पिढीकडून पिढीकडे जात होती. लागवडीने त्यात भर पडण्याजोगे काही नव्हते.

गरज निर्माण झाली ती सैबेरियात येऊन वसलेल्या लोकांना. तिथल्या हिवाळ्यात सफरचंद, नासपती टिकवणे अतिशय कष्टाचे, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ताजे फळ तर नाहीच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून काही हौशी बागाईतदारांनी रानातली झुडपे अंगणात आणली होती, पण पद्धतशीर काम विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सुरू झाले. अल्तायमधील बार्नाऊल, तोम्स्क प्रांतातील बाक्चार आणि लेनिनग्राडजवळचे पाव्लोव्स्क येथील केंद्रे ही त्याचे प्रमुख आधार होते. पद्धत साधी होती: अतिपूर्वेकडील चांगल्या रानझुडपांचे बी आणायचे, हजारो रोपे वाढवायची, फळ चाखायचे आणि बहुतेक रोपे काढून टाकायची. बार्नाऊलचे ‘गोलुबोये वेरेतेनो’ म्हणजे ‘निळी चाती’ हे सुरुवातीचे गाजलेले वाण कामचात्काच्या झुडपांच्या अशाच बियांतून निवडले गेले. म्हणजे कडू फळांच्या अल्तायमध्ये बसून बागाईतदारांनी गोडी मात्र हजारो किलोमीटर पूर्वेकडून आणली.

पाव्लोव्स्कची कामगिरी वेगळ्या स्वरूपाची आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांच्या संस्थेचे हे केंद्र १९२६ पासून चालू असून मारिया प्लेखानोवा यांनी तिथे निळ्या हनिसकलचा मोठा जिवंत संग्रह अभ्यासला. फळझाडांचे वाण बियांच्या रूपात जपता येत नाहीत, कारण बीपासून उगवलेले रोप मातृझाडासारखे निघत नाही. झुडूप जमिनीत उभे असावे लागते. २०१० मध्ये या केंद्राची जमीन घरबांधणीसाठी देण्याचा घाट घातला गेला तेव्हा जगभरातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला कसून विरोध केला, तो याच कारणाने. ती जमीन गेली असती तर त्यावरची अर्ध्या शतकाची वेचणी परत मिळवण्याचा मार्ग उरला नसता.

होक्काइदोमध्ये ही कथा निराळ्या वळणाने गेली. तोमाकोमाई शहरालगतचे युफुत्सु मैदान ज्वालामुखीच्या राखेचे, पाणथळ, उन्हाळ्यातही धुक्याने थंड राहणारे. जपानमधील हास्कापचे सर्वांत मोठे रान इथेच होते. तोमाकोमाईतील एका मिठाईवाल्याने १९५३ पासून हास्कापचा मुरांबा भरलेला गुंडाळी केक विकायला घेतला आणि रानमेव्याला गावाची ओळख होण्याचा मान मिळाला. १९७० च्या दशकात याच मैदानाच्या पूर्वभागात औद्योगिक वसाहत उभारण्याचे काम सुरू झाले तेव्हा पुष्कळ झुडपे उपटून शेतकऱ्यांच्या शेतांत हलवण्यात आली, आणि अत्सुमासारख्या शेजारच्या गावांत लागवड वाढली. इथे लागवडीला चालना दिली ती अन्नाच्या टंचाईने नव्हे, तर रान नाहीसे होण्याच्या धास्तीने. जपानमधील या खाण्याच्या परंपरेला पुढे एक अनपेक्षित उपयोग झाला: युरोपीय संघाने डिसेंबर २०१८ मध्ये हे फळ पारंपरिक अन्न म्हणून बाजारात आणायला संमती दिली, ती जपानमधील वापराच्या आधारावर.

दोन्ही प्रवाह एकत्र आले ते उत्तर अमेरिकेत. ओरेगॉनमधील कॉर्व्हॅलिस येथे मॅक्सीन थॉम्पसन यांनी होक्काइदोच्या झुडपांवर निवडीचे काम केले, तर कॅनडाच्या सस्कॅचवान विद्यापीठात बॉब बोर्स यांनी रशियन वाण, कुरील बेटांवरील मोठ्या फळांची झुडपे आणि जपानी निवडी यांचा संकर घडवला. कॅनडाच्या स्वतःच्या रानझुडपांचाही त्यांनी मोठा संग्रह केला. ‘टुंड्रा’ आणि ‘बोरिॲलिस’ २००७ मध्ये आले, ‘ऑरोरा’ २०१२ मध्ये. रशियन झुडपे लवकर फुलतात, जपानी उशिरा. त्यांच्या संकरातून पिकाचा हंगाम लांबला आणि रानात एक ग्रॅमच्या आत असणारे फळ काही वाणांत दोन ग्रॅमच्या पुढे गेले. उष्ण प्रदेशांत मात्र हे झुडूप रमत नाही. त्याची हिवाळी निद्रा थोड्या थंडीनेच पुरी होते, त्यामुळे शरद ऋतू उबदार राहिला की ते अवेळी फुलते आणि पुढच्या वसंतातला बहर गमावते.

आज संशोधकांचे लक्ष गुणसूत्रांकडे वळले आहे. या गटात मूळ संच ९ गुणसूत्रांचा. बहुतेक समूह चतुर्गुणित, म्हणजे ३६ गुणसूत्रांचे आहेत, तर थोडे द्विगुणित, १८ गुणसूत्रांचे. चतुर्गुणित समूहांना एकच जात मानावे असा प्लेखानोवा यांचा कौल होता. द्विगुणित झुडपे होक्काइदोच्या पूर्वेला कुशिरोच्या पाणथळीत सापडतात, आणि त्यांचा चतुर्गुणित वाणांशी सरळ संकर केल्यास संतती बहुधा वांझ निघते, म्हणून त्यांची गुणसूत्रे आधी प्रयोगशाळेत दुप्पट करावी लागतात. कुशिरोची पाणथळ १९८० मध्ये पाणथळींच्या संरक्षणासाठीच्या रामसर करारात आलेली जपानची पहिली जागा असल्याने तिथली झुडपे बरीच सुरक्षित आहेत. युफुत्सु मैदानात उतोनाई सरोवर १९९१ पासून त्याच कराराखाली येते, परंतु आजची जपानी लागवड ज्या झुडपांपासून वाढली त्यांतली पुष्कळशी या संरक्षित सीमेच्या बाहेर होती.