गाडीचा ‘सेल्फ’ आला कुठून?

आजचा भाग एका शब्दावर आहे: सेल्फ. ‘सेल्फ घेत नाहीये’, ‘जरा सेल्फ मार’ हे गॅरेजमध्ये आपण शंभरदा ऐकलंय. पण स्टार्टरला सेल्फ का म्हणतात, हा प्रश्न मला पडला तो साताऱ्यात, काकांच्या १९८६ च्या प्रीमियर पद्मिनीत बसल्यावर.

गाडी अख्खा पावसाळा शेडमध्ये उभी होती. काकांनी सांगून टाकलं, “हे बघ, रविवारपर्यंत सुरू झाली तर ठेवू. नाहीतर सोमवारी भंगारवाला येतोय.” याच गाडीतून मी पहिल्यांदा महाबळेश्वर पाहिलं होतं. म्हटलं, दिवसभर कोडमधले बग शोधते, हाही शोधून बघू.

चावी फिरवली. ‘टक्’. बस्स, पुढे काही नाही.

आता जरा मागे जाऊ. सुरुवातीच्या गाड्यांना सेल्फ नव्हताच. पुढे उभं राहून लोखंडी हँडल मारायचं. त्यात ठिणगी वेळेआधी पडली, तर वर येणारा पिस्टन उलटा ढकलला जायचा आणि हँडल उलटं फिरून मनगट मोडायचं. म्हणून जाणकार लोक हँडल धरताना अंगठासुद्धा बोटांच्याच बाजूला ठेवायचे.

अमेरिकेत एक गोष्ट नेहमी सांगतात. बायरन कार्टर हे गाड्या बनवणारे गृहस्थ, रस्त्यात बंद पडलेल्या एका कॅडिलॅकला हँडल मारायला गेले. हँडल उलटं आलं, जबडा मोडला आणि पुढे त्यातूनच ते गेले. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी हे मनाला लावून घेतलं, असं म्हणतात. गोष्टीत मीठमसाला असेलही, पण काम दिलं गेलं चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरला, हे नक्की.

केटरिंगने आधी दुकानातल्या कॅश रजिस्टरसाठी विजेची मोटर बनवली होती. त्यातून त्याला एक गोष्ट कळली होती: मोटरला क्षणभरच जोर लावायचा असेल, तर ती लहान असली तरी चालते. तीच कल्पना त्याने गाडीत आणली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये ‘सेल्फ-स्टार्टर’ आला, म्हणजे गाडी आपली आपण सुरू होणार. आपल्या मिस्त्रींनी त्यातला पुढचा अर्धा शब्द ठेवला. आणि गंमत बघा, तेव्हा रस्त्यावर इलेक्ट्रिक गाड्याही होत्या, आणि हँडल मारावं लागत नाही हा त्यांचा मोठा फायदा होता. सेल्फ आला आणि तो फायदाच गेला.

आता परत साताऱ्यात. सेल्फला क्षणभर का होईना, पण भरपूर करंट लागतो. नुसतं ‘टक्’ वाजलं म्हणजे करंट पुरेसा पोचत नाहीये. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली होती. ती साफ केली, बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. सकाळी इंजिन खर्र-खर्र फिरलं, पण पेट घेईना.

काका म्हणाले, “कार्बोरेटर उघड.” मी म्हटलं, “थांबा काका. आधी करंट की पेट्रोल, ते ठरवू.” प्लग काढला, वायरला जोडून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला, पेट्रोल लांब ठेवलं आणि काकांना चावी मारायला सांगितली. ठिणगी नाही! म्हणजे कार्बोरेटर निर्दोष नसेल कदाचित, पण पहिला आरोपी तो नव्हता.

डिस्ट्रीब्युटरचं झाकण उघडलं, तर आत पुन्हा केटरिंगच भेटला. सेल्फच्याही आधी, १९१० च्या कॅडिलॅकसाठी त्याने बॅटरीवर चालणारं इग्निशन बनवलं होतं. पॉइंट नावाचे दोन छोटे धातूचे तुकडे उघडतात, करंट तुटतो, आणि त्या झटक्याने कॉइल १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. पॉइंटवरच ठिणगी उडून ते जळू नयेत म्हणून शेजारी कंडेन्सर. आमचे पॉइंट पावसाळी दमट हवेत काळे पडले होते. बारीक पॉलिश पेपरने घासले, फीलर गेज घालून अर्ध्या मिलिमीटरहून कमी अशी फट बसवली. परत चावी. निळी, कडक ठिणगी!

विचार करा, १९१० ची कल्पना १९८६ च्या गाडीत जशीच्या तशी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ही गाडी १९६४ पासून फियाट ११०० म्हणून बनली, १९७४ ला तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. इतकी वर्षं नाक्यावरचा मिस्त्री ती चालती ठेवू शकला, कारण प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि एकेक करून तपासता येतो. आजच्या गाडीत तो आधी स्कॅनर जोडतो.

शिळं पेट्रोल काढून ताजं भरलं, चोक ओढला. रविवारी संध्याकाळी पाचला पद्मिनी धूर सोडत सुरू झाली. काका काही बोलले नाहीत. फोन काढून भंगारवाल्याला एवढंच म्हणाले, “उद्या येऊ नका.”

तर मंडळी, जुनी गाडी अडली तर क्रम लक्षात ठेवा: आधी बॅटरी, मग ठिणगी, मग पेट्रोल. तुमच्या घरच्या गाडीची गोष्ट कळवा. भेटू पुढच्या भागात!