नियमांनी घडवलेला गॉडझिला

निस्सान स्कायलाइन जीटी-आर, आर-३२ पिढी. इंजिन २,५६८ सीसीचं. हा आकडा जरा विचित्र आहे. दोन लिटर, अडीच लिटर, तीन लिटर अशी इंजिनं आपण ऐकलेली असतात. मग अडीच लिटरवर ही ६८ सीसीची शेपटी कशाला?

उत्तर शर्यतीच्या नियमपुस्तकात आहे. ऐंशीच्या दशकात 'ग्रुप ए' नावाचा शर्यतींचा वर्ग लोकप्रिय होता. शोरूममध्ये खरोखर विकली जाणारी गाडीच शर्यतीत उतरवता येईल आणि तिच्या किमान ५,००० प्रती बनायला हव्यात, ही त्याची मुख्य अट. दुसरी अट गणिताची होती. टर्बो असेल तर इंजिनाच्या क्षमतेला १.७ने गुणायचं आणि जो आकडा येईल त्यावरून गाडीचा गट ठरवायचा. गट जितका वरचा, तितकं किमान वजन जास्त आणि टायर रुंद.

नागानोरी इतो यांच्या चमूने सुरुवातीला ४,००० सीसीच्या गटात बसेल असं साधारण २.४ लिटरचं इंजिन धरलं होतं. पण एवढी ताकद फक्त मागच्या चाकांना पेलवेना. म्हणून चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा आली आणि तिच्याबरोबर वजनही आलं. आता हलक्या गटात राहण्यात फायदा नव्हता. मग वरच्या, ४,५०० सीसीच्या गटात जायचं ठरलं. २,५६८ गुणिले १.७ म्हणजे सुमारे ४,३६६. बसलं!

जीटी-आर हे नाव आधीही नियमांच्या तडाख्यात सापडलं होतं. पहिली जीटी-आर १९६९ची. जपानी शर्यतींत तिने दबदबा निर्माण केला. चौकोनी आकारामुळे लोक तिला 'हाकोसुका' म्हणू लागले. 'हाको' म्हणजे खोका. दुसरी १९७३मध्ये आली, पण धुराचे नवे नियम आणि तेलसंकट यांच्या कचाट्यात सापडून फक्त १९७ गाड्यांवर थांबली. पुढची सोळा वर्षं हे नाव गप्प होतं.

१९८९च्या ऑगस्टमध्ये ते परतलं. किंमत ४४.५ लाख येन. नेहमीच्या चालवण्यात ही गाडी मागच्या चाकांवर धावते. मागची चाकं घसरू लागली की संगणक ते ओळखतो, हायड्रॉलिक दाबाने क्लचच्या चकत्या आवळतो आणि निम्म्यापर्यंत ताकद पुढच्या चाकांकडे पाठवतो. ड्रायव्हरला काहीच करावं लागत नाही. वळणातून बाहेर पडताना इतर गाड्या मागची चाकं सांभाळत असायच्या, तेव्हा जीटी-आर ॲक्सिलरेटर दाबून निघून गेलेली असायची.

निकाल एकतर्फी होता. जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत १९९० ते १९९३ या काळात २९ शर्यती झाल्या आणि २९ही जीटी-आरने जिंकल्या. ऑस्ट्रेलियातल्या एका मोटर मासिकाने तिला 'गॉडझिला' म्हटलं. जपानहून येऊन शहरं तुडवणारा तो सिनेमातला राक्षस! १९९१मध्ये बाथर्स्टची हजार किलोमीटरची शर्यत तिने जिंकली. १९९२मध्ये तर गंमतच झाली. मुसळधार पावसात आघाडीवरची जीटी-आर घसरून आदळली. शर्यत थांबवली गेली, निकाल आधीच्या लॅपवरून लावला गेला आणि मोडलेली गाडी विजेती ठरली. प्रेक्षकांनी विजेत्यांची हुर्यो उडवली. पुढच्या वर्षापासून तिथल्या मुख्य स्पर्धेत पाच लिटर व्ही-८ गाड्यांचं राज्य सुरू झालं आणि गॉडझिलाला दार बंद झालं.

रस्त्यावरच्या गाडीची कागदोपत्री ताकद मात्र २८० अश्वशक्ती होती. जपानी कंपन्यांनी आपापसांत ठरवलं होतं, की याहून मोठा आकडा जाहीर करायचा नाही. हा अलिखित करार २००४पर्यंत टिकला. पण तेच इंजिन शर्यतीत ५००हून अधिक अश्वशक्ती सहज देत होतं. त्याचा ओतीव लोखंडी ब्लॉक ते सोसू शकेल इतका दणकट होता. गाडी घेणाऱ्यांना हे गुपित माहीत होतं. टर्बो बदला, दाब वाढवा आणि कोंडलेला प्राणी मोकळा करा. जपानभरच्या गॅरेजांमध्ये हाच उद्योग चालायचा. मांगा आणि 'ग्रान टुरिस्मो'सारख्या व्हिडिओ गेम यांतून हे वेड जगभर पसरलं. ज्या मुलांनी ती गाडी रस्त्यावर कधीच पाहिली नव्हती, त्यांनाही तिच्या टर्बोचे आकडे पाठ होते.

त्यांत अमेरिकन मुलंही होती. पण अमेरिकेच्या सुरक्षा-मानकांनुसार न बनलेली गाडी पंचवीस वर्षं जुनी झाल्याशिवाय तिथे आणणं जवळपास अशक्य असतं. निस्सानने ही जीटी-आर तिथे कधी विकलीच नाही. त्यामुळे एक अख्खी पिढी वाट बघत मोठी झाली, नोकरीला लागली, चार पैसे कमावू लागली. २०१४च्या ऑगस्टमध्ये पहिल्या गाड्यांना पंचवीस वर्षं झाली आणि दार उघडलं. जपानमध्ये जुनी गाडी म्हणून पडून असलेल्या आर-३२ जहाजात चढू लागल्या आणि किमतीही चढू लागल्या.

इथे या कथेतली खरी विसंगती दिसते. एकूण सुमारे ४४,००० आर-३२ जीटी-आर बनल्या, म्हणजे ही काही दुर्मीळ गाडी नव्हे. दुर्मीळ आहे ती हात न लावलेली गाडी. संग्राहक चढी किंमत मोजतो ती मूळ रंग, मूळ टर्बो, मूळ चाकं असलेल्या गाडीसाठी. पण तिचं नाव झालं ते नेमकं उलट वागणाऱ्यांमुळे. त्यांनी ती उघडली, बदलली, पळवली, कधी आपटलीही. त्यांच्यापैकी अनेकांना आज स्वतःचीच जुनी गाडी परत घेणं परवडणार नाही.

निस्सानलाही जपणुकीचा हा प्रश्न टाळता आलेला नाही. २०१७च्या अखेरीस कंपनीने आर-३२चे बंद झालेले सुटे भाग पुन्हा बनवायला सुरुवात केली. २०२५च्या जानेवारीत जपानमधल्या एका प्रदर्शनात तर तिने विजेवर चालणारी आर-३२ मांडली. तिच्यात ना पेट्रोल होतं, ना टर्बो. होता तो स्पीकरमधून येणारा जुन्या इंजिनाचा आवाज आणि गिअर बदलल्याचा कृत्रिम झटका. पुढच्या पिढीला ती गाडी चालवण्याचा अनुभव मिळावा, हा हेतू.

काहींना हा पोरखेळ वाटला. मला तो वातानुकूलित गोदामात झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा प्रामाणिक वाटतो. नियमांच्या चौकटीत जास्तीत जास्त वेगाने धावता यावं म्हणून ही गाडी जन्माला आली. तिला उभी ठेवून लोखंड जपलं जाईल. पण २,५६८ हा आकडा ज्यासाठी ठरला, ते फक्त ती धावतानाच कळतं.