हैतीचे ढोल



एखाद्या राष्ट्राची कला पाहावयाची म्हणजे आपण त्याच्या राजवाड्यांकडे आणि देवालयांकडे वळतों. हैतीच्या बाबतींत ही वाट फारशी उपयोगी पडत नाहीं. कॅरिबियन समुद्रांतील एका मोठ्या बेटाचा पश्चिमेकडील सुमारें तिसरा हिस्सा म्हणजे हा देश. तेथील लोककला गुलामांच्या खोपटांत जन्मली, आणि तिच्या वांट्यास राजाश्रयापेक्षां राजदंडच अधिक आला.

फ्रेंच अमलांत या मुलखाचें नांव सॅं-दोमिंग होतें. उसाच्या व कॉफीच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांची संख्या १७८९ च्या सुमारास पांच लाखांच्या घरांत गेली होती. दाहोमी, काँगो, योरुबा अशा नाना प्रदेशांतून आणलेल्या या लोकांची भाषा एक नव्हती. १६८५ च्या कायद्यानें कॅथलिक पंथाखेरीज अन्य धर्माचरणास मनाई होती, आणि निरनिराळ्या धन्यांच्या गुलामांनीं एकत्र जमण्यासहि. तरीहि ते रात्रीं जमत. त्यांनीं आपापल्या देवता व आपापले ताल एकत्र केले, ख्रिस्ती संतांचीं चित्रेंहि त्यांत सामावून घेतलीं, आणि यांतूनच वोदू हा धर्म आकारास आला. १७९१ च्या ऑगस्टांत गुलामांच्या उठावापूर्वीं बोआ-काइमां येथें अशीच एक सभा झाली, असें परंपरा सांगते. १ जानेवारी १८०४ रोजीं हैती स्वतंत्र झाला.

वोदूच्या राडा विधींत तीन ढोल असतात. लहान ‘बुला’ ठेका धरतो, मधला ‘सेगों’ त्यास उत्तर देतो, आणि मोठा ‘मामान’ मधूनच ताल मोडून नर्तकांस नवें वळण देतो. भूमीवर मक्याच्या पिठानें देवतांचीं चिन्हें रेखाटतात. आपणांस रांगोळीच आठवावी. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळांत ‘रारा’ नांवाच्या मिरवणुका निघतात. त्यांतील बांबूच्या कर्ण्यांतून मुख्यतः एकेकच स्वर निघतो. सर्वांनीं आपापला स्वर वेळेवर दिला तरच धून उभी राहते.

देश स्वतंत्र झाला, परंतु ढोल झाला नाहीं. १८३५ च्या दंडसंहितेनें वोदूचे विधि अपराधांत गणले, आणि सुशिक्षितांचे डोळे पॅरिसकडे लागले होते. पुढें १९१५ ते १९३४ पर्यंत देश अमेरिकेच्या सैन्याच्या ताब्यांत होता. त्या मानहानीच्या काळांत, १९२८ सालीं, झां प्राइस-मार्स यांनीं ग्रंथ लिहून आपल्या सुशिक्षित बांधवांस शेतकऱ्यांच्या कथा, गाणीं आणि श्रद्धा यांकडे वळावयास सांगितलें. तथापि १९४१ व १९४२ सालीं चर्चनें, सरकारच्या साहाय्यानें, ‘अंधश्रद्धे’विरुद्ध मोहीम काढली; गांवोगांवचे ढोल व पूजेच्या वस्तु जाळण्यांत आल्या. त्याच सुमारास कादंबरीकार जाक रूमॅं यांनीं मानववंशशास्त्राची संस्था स्थापून उरलेल्या वस्तूंचा सांभाळ आरंभिला.

१९४४ सालीं पोर्ट-ओ-प्रिन्स येथें कलाकेंद्र उघडलें, आणि शाळेंत चित्रकला न शिकलेले कलावंत पुढें आले. हेक्टर इपोलित हे वोदूचे पुरोहित. एका दारावरील त्यांच्या चित्रांनीं जाणत्यांचें लक्ष वेधलें. झोर्झ लियोतो हे क्रुआ-दे-बूके गांवचे लोहार. स्मशानांतील क्रूस घडवितां घडवितां ते शिल्पकार झाले. त्यांच्या मागून इतरांनीं तेलाचीं रिकामीं पिंपें कापून, ठोकून, त्यांच्या पत्र्यांतून देव आणि जलपऱ्या काढल्या. १९५० व १९५१ सालीं होली ट्रिनिटी कॅथीड्रलच्या भिंतींवर बायबलमधील प्रसंग हैतीच्याच माणसांच्या रूपानें रंगले. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपांत त्या चौदा चित्रांपैकीं तीनच वांचलीं.

१९८७ च्या राज्यघटनेनें लोकांच्या क्रेओल भाषेस फ्रेंचच्या बरोबरीचें स्थान दिलें, आणि २००३ सालीं वोदूस धर्म म्हणून मान्यता मिळाली. जाळलेल्या ढोलांच्या जागीं लोकांनीं नवे ढोल कोरले होतेच. त्यांस कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागली नाहीं. मात्र जुन्या ढोलांबरोबर जें भस्म झालें तें परत आलें नाहीं. आपल्याच खेड्यांतील गाणें ऐकण्यास शहाण्यासुरत्यांनीं उशीर केला, म्हणजे त्याची किंमत अशी द्यावी लागते.