घेऊन जा गे मारबत : इतवारीची बेसूर हाक

मारबत म्हणजे घरातली इडापिडा घेऊन जाणारी बांबू-कागदाची बाई. नागपुरातली काळी मारबत १८८१ पासून निघते आणि जागनाथ बुधवारीतली तऱ्हाणे तेली समाजाची पिवळी मारबत १८८५ पासून. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, या दोघी इतवारीत येतात, नेहरू पुतळा चौकाच्या गर्दीत एकमेकींना भेटतात आणि मिरवणूक संपली की दोघींनाही जाळतात. त्यांच्या पुतळ्यांबद्दल दरवर्षी भरपूर छापून येतं. मला लिहायचंय ते त्यांच्यामागून चालणाऱ्या आवाजाबद्दल.

मी पेटी शिकवतो. विद्यार्थ्याचा गंधार जरासा उतरला तरी माझा हात थांबतो. माझ्या शहरानं शंकरराव सप्र्यांसारखा गुरू आणि त्यांच्याकडे शिकलेला वसंतराव देशपांड्यांसारखा गायक पाहिला आहे, त्यामुळे सुराचा धाक काय असतो हे इथल्या माणसाला कुणी सांगायला नको. तरीही गेल्या कित्येक वर्षांत मारबतीच्या सकाळी मी घरात बसू शकलेलो नाही. त्या हाकेत मला जे मिळतं, ते फार थोड्या मैफलींत मिळालं आहे.

हाक तशी साधी. पुढचा एक गडी यादी म्हणतो : रोगराई, इडापिडा, खोकला, महागाई. मागचे सगळे ती उचलतात : ‘घेऊन जा गे मारबत!’ त्यातला ‘गे’ जो तो आपापल्या छातीच्या बळावर लांबवतो. म्हातारा खाली राहतो, वयात येणाऱ्या पोट्ट्याचा आवाज मध्येच फाटतो, बायका दोन घरं वरून जातात. षड्ज ठरलेलाच नसतो. मग ‘बत’वर सगळे एकदम खाली येतात आणि संदलवाल्यांचा ढोल नेमका तिथे पडतो. सुराचा पत्ता नाही, पण वजनात कुणी चुकत नाही.

ही रीत इतवारीत जन्मली नाही. विदर्भाच्या खेड्यांत पोळ्याच्या सुमाराला दारापुढे पळसाच्या फांद्या ठेवतात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, भल्या पहाटे पोरं त्या गोळा करून गावाबाहेर नेतात आणि जाताना मारबतीला हीच विनवणी करतात. तिथल्या यादीत खोकला आणि डास-ढेकूण असतात. त्याच्या आदल्या दिवशी तोरणाखाली बैल उभे असताना झडत्या होतात. ज्याला सुचेल त्यानं पुढे व्हायचं, सावकाराला, पाटलाला, पावसाला चार यमकं ऐकवायची आणि सगळ्यांनी ‘हर हर महादेव’ म्हणत ती झेलायची. झडती म्हणायला गळा लागत नाही, धीर लागतो. शिकवणारा कुणी नाही आणि परीक्षा घेणाराही नाही.

शहरात आल्यावर ही हाक मोठी झाली, आणि ज्या काळात मोठी झाली तो काळ ध्यानात घ्यावा. १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं. १८६७ मध्ये रेल्वे आली. १ जानेवारी १८७७ ला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि हातमागावर जगणाऱ्या कोष्टी-हलबांच्या या शहरात कापड आता यंत्रावर निघू लागलं. त्यानंतर चारच वर्षांनी काळी मारबत निघाली. ती बाकाबाईची प्रतिमा आहे असं जुनी माणसं सांगतात. दुसऱ्या रघूजींची ही राणी इंग्रजांना मिळाली, हा राग लोकांनी पुतळ्यावर काढला. राज्य गेलेलं, सत्ता परक्यांची, आणि तेलघाणी, माग, हमाली करणाऱ्या माणसांना तक्रार नेण्याची जागा नाही. मला वाटतं, म्हणूनच खेड्यातल्या खोकल्याच्या यादीत इथे राजकारण शिरलं आणि ते शिरताना कुणी चाल बांधण्यासाठी थांबलं नाही. पुढे बडगे आले. भ्रष्टाचार, महागाई, दहशतवाद, जे त्या वर्षी छळत असेल त्याचा पुतळा. यादी बदलत गेली, पण हाकेचं वळण खेड्यातलंच राहिलं.

अशा न शिकलेल्या संगीताचं वेड जगभर आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या फ्रीमाँट गावच्या विगिन बहिणींचं ‘द शॅग्ज’ हा वाद्यवृंद बापाच्या हट्टातून उभा राहिला. मुलींचा वाद्यवृंद होईल, असं त्याच्या आईनं हात पाहून सांगितलं होतं, म्हणून त्यानं पोरींना शाळेतून काढून तालमीला बसवलं. १९६९ मध्ये त्यांची ‘फिलॉसॉफी ऑफ द वर्ल्ड’ ही तबकडी आली. ढोल एका वाटेनं, गिटार दुसऱ्या, आणि गळे तिसऱ्याच. त्या वेळी कुणी विचारलं नाही, पुढे जाणकार ती शोधत फिरले. मी ती ऐकली आणि त्या पोरींचा निरागसपणा मनाला लागला. पण त्या तबकडीतही मायक्रोफोनपलीकडे कुणीतरी ऐकणारा गृहीत आहे. त्याला आवडावं म्हणून त्या धडपडतात, आणि ती धडपड आपल्याला ओढते.

मारबतीत तो ऐकणाराही नाही. तिथे हाक मारायची ती बांबू-कागदाच्या एका बाईला. बघे लाखभर असले तरी ते श्रोते नव्हेत, कारण पुढच्या क्षणी तेही ओरडत असतात. पिवळीला लेकराच्या खुशालीसाठी नवस बोललेली आई जेव्हा त्या गर्दीत ‘घेऊन जा गे’ म्हणते, तेव्हा तिला खरोखरच काहीतरी घरातून बाहेर घालवायचं असतं. आपला आवाज कसा लागतोय हे बघायला तिचं मन मोकळंच नसतं. शिकलेला गायक आयुष्यभर रियाज करून स्वतःला विसरण्याच्या या अवस्थेच्या जवळ जातो. ती इथे पहिल्या हाकेलाच असते.

म्हणून मिरवणुकीत उभ्या राहणाऱ्या डीजेच्या भिंतींचा मला राग येतो. ढोल माणसाच्या आवाजाला जागा सोडतो, डीजे सोडत नाही. त्याच्यासमोर पोट्टे नाचतात, पण ओरडायचं थांबतात, कारण स्वतःचा आवाज त्यांनाच ऐकू येत नाही. कोरोनामुळे दोन वर्षं मिरवणूक झाली नाही, आणि २०२२ मध्ये ती परत निघाली तेव्हा इतवारीच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. दोन वर्षांचं साचलेलं लोकांना एका सकाळी घालवायचं होतं. त्या गर्दीला स्पीकरची गरज नव्हती.

पुतळ्यांचे फोटो निघतात, घोषणांचे शब्द पेपरात येतात. आवाज मात्र त्याच दिवशी संपतो, आणि नोटेशनमध्ये तो मांडताही येत नाही. मी करून पाहिलंय. ज्यांच्या हातात फोन आहे त्यांनी चित्रफितीच्या मागे न लागता नुसता आवाज टिपावा, गावोगावच्या झडत्यांसकट. आणि ऐकायला यायचं असेल तर सकाळी लवकर या. बडग्यांच्या ट्रकांजवळ थांबू नका, पिवळी निघते त्या जागनाथ बुधवारीच्या अरुंद गल्लीत उभे राहा. तिथे ढोल थोडे असतात आणि बायका पुष्कळ.