कॅशबॅक आणि रिबेट : ‘नंतर मिळणारी’ सवलत घेताना

दुकानदार दिलेली सवलत बिलातच कापतो. ऑनलाइन खरेदीत मात्र बरेचदा पूर्ण पैसे आधी भरायचे आणि काही रक्कम नंतर परत मिळायची, असं असतं. यालाच कॅशबॅक किंवा रिबेट म्हणतात. अमेरिकेत हे टपालाने चालायचं. खोक्यावरचा बारकोड कापून, फॉर्म आणि पावतीसोबत कंपनीला पाठवायचा, मग काही आठवड्यांनी चेक यायचा. मुदत चुकली किंवा एखादा कागद राहिला, की पैसे गेले. आपल्याकडे टपालाची जागा ॲप आणि बँकेच्या कार्डाने घेतली, एवढाच फरक.

आम्हीही यात फसलो आहोत. ईदच्या आधी फ्रिज घेतला. २००० रुपये कॅशबॅक ९० दिवसांत येणार होतं, आलंच नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, पूर्ण रक्कम कार्डानेच भरायची अट होती. आम्ही थोडे पैसे वॉलेटमधून भरले होते.

खरेदीआधी एवढं बघा :

- आज खिशातून जाणारी रक्कम हीच खरी किंमत धरा. ती परवडत नसेल तर थांबा.
- कॅशबॅक बँक खात्यात येणार, की त्याच ॲपच्या पॉइंट्समध्ये? पॉइंट्स म्हणजे रोख पैसे नव्हेत.
- किमान खरेदी, कमाल सवलत आणि शेवटची तारीख वाचा.
- ऑफरच्या पानाचा आणि अटींचा स्क्रीनशॉट, बिल आणि ऑर्डर नंबर जपून ठेवा.
- ‘नो-कॉस्ट ईएमआय’ या नावावर जाऊ नका. यात बहुधा बँक व्याज लावते आणि तेवढी सूट विक्रेता किमतीत देतो. व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी वेगळी पडू शकते. म्हणजे कागदावर व्याज असतंच. व्याज टाळणाऱ्या घरांनी आधी हप्त्यांचा तक्ता मागावा आणि शंका असल्यास जाणत्या आलिमांना विचारावं.

पैसे आले नाहीत तर :

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात तक्रारीचं निवारण व्हायला हवं. तसं झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. आपण राहतो त्याच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी लागत नाही.

आणखी एक गोष्ट घरातल्या मोठ्यांना आवर्जून सांगा. ‘कॅशबॅक जमा करायला यूपीआय पिन टाका’ असा फोन आला, तर समजा फसवणूक आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर कळवा.