मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य

गेल्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी नववीच्या वर्गात नागरिकशास्त्राचा तास चालू असताना एका मुलाने विचारले, "सर, माझ्या अब्बांच्या चिठ्ठीवर 'मालेगाव बाह्य' लिहिलंय आणि चाचांच्या चिठ्ठीवर 'मालेगाव मध्य'. आम्ही पण मालेगावातच राहतो ना?" वर्ग हसला. मी मात्र अडखळलो. जे उत्तर दिले ते बरोबर होते, पण अपुरे होते. ते पुरे करण्यासाठी हा लेख.

आमच्या शहरात मौसम आणि गिरणा या नद्यांचा संगम आहे. मौसम शहराच्या मधून वाहते. एका काठाला मोमिन विणकरांचे जुने शहर, यंत्रमागांची खडखड आणि दाट मोहल्ले. दुसऱ्या काठाला संगमेश्वर आणि कॅम्प, जिथे वस्ती प्रामुख्याने हिंदूंची. पुलांवरून दोन्ही बाजूंची माणसे रोज ये-जा करतात. सूत, साड्या, भाजीपाला, दवाखाने, कोर्टकचेऱ्या, कशालाही नदी आडवी येत नाही. मतदानाला मात्र आज ती बऱ्याच अंशी आडवी येते.

२००८ पूर्वी 'मध्य' आणि 'बाह्य' हे शब्द कुणाच्या तोंडी नव्हते. शहराचा मतदारसंघ 'मालेगाव' आणि शेजारचा ग्रामीण मतदारसंघ 'दाभाडी'. दाभाडी म्हटले की हिरे घराणे आठवते आणि मालेगाव म्हटले की साथी निहाल अहमद. १९७८, १९८०, १९८५, १९९० आणि १९९५ अशा सलग पाच निवडणुका त्यांनी आधी जनता पक्षाकडून आणि नंतर जनता दलाकडून जिंकल्या. मधल्या काळात ते राज्यात मंत्री झाले आणि १९८६-८७ मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेतेही होते. बाबरी मशीद पाडली गेल्यावर दंडाला बांधलेली काळी पट्टी त्यांनी २०१६ मध्ये इंतकाल होईपर्यंत सोडली नाही. १९९९ मध्ये काँग्रेसचे शेख रशीद यांनी त्यांना हरवले आणि २००४ मध्ये जागा राखली. त्याच २००४ मध्ये दाभाडीतून दादा भुसे अपक्ष म्हणून निवडून आले.

मग पुनर्रचना आली. आणीबाणीच्या काळातल्या ४२व्या घटनादुरुस्तीने मतदारसंघांची फेररचना गोठवली होती. त्यामुळे तीस वर्षे आपण १९७१ च्या जनगणनेवर आखलेल्या हद्दींत मतदान करत होतो. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने २००१ ची जनगणना हाती घेतली आणि नव्या हद्दी २००८ पासून लागू झाल्या.

आता मी फळ्यावर मांडले ते गणित पाहा. २००१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या साधारण ९ कोटी ६९ लाख. विधानसभेच्या जागा २८८. म्हणजे एका जागेला सरासरी ३ लाख ३६ हजार माणसे. मालेगाव महापालिकेची लोकसंख्या त्या वेळी ४ लाखांच्या वर गेली होती. अख्खे शहर एका मतदारसंघात बसणारच नव्हते. कात्री लागणार हे ठरलेलेच होते. प्रश्न होता कुठे लावायची.

कायदा म्हणतो, भूगोल, दळणवळण, प्रशासकीय हद्दी आणि लोकांची सोय पाहा. नदी ही तर डोळ्यांना दिसणारी भौगोलिक हद्द. तेव्हा कॅम्प-संगमेश्वरकडचा भाग आणि काही वाढीव वस्त्या ग्रामीण भागाला जोडून ११५ क्रमांकाचा 'मालेगाव बाह्य' झाला आणि उरलेले दाट शहर ११४ क्रमांकाचा 'मालेगाव मध्य'. दाभाडी हे नाव विधानसभेच्या यादीतून गेले. तालुक्याचा काही भाग नांदगावला जोडला गेला.

यात कट होता असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे प्रत्येक गोष्टीत कट शोधायची सवय लागली आहे आणि त्यात अभ्यास मागे पडतो. पण नियमाला धरून आखलेली रेषाही परिणाम करतेच. 'मध्य'मध्ये मुस्लिम आमदार होणार हे आता निकालाआधीच ठरलेले असते. तिथे जिंकायला संगमेश्वरच्या मताची गरज नाही. 'बाह्य'मध्ये २००९ पासून सलग भुसे निवडून येत आहेत. तिथे जिंकायला विणकराच्या मताची फारशी गरज नाही. एकाच शहराच्या दोन आमदारांना एकमेकांच्या मतदारांची मनधरणी करावी लागत नाही, हे मला सर्वांत जास्त टोचते.

लोकसभेची गोष्ट उलटी आहे. 'मालेगाव' नावाचा लोकसभा मतदारसंघ दीर्घकाळ अनुसूचित जमातींसाठी राखीव होता. आजूबाजूच्या आदिवासी पट्ट्याचा तो रास्त हक्क होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण शहराचे नाव लावणाऱ्या मतदारसंघातून शहरातल्या विणकराला उभेच राहता येत नव्हते. २००८ मध्ये तो मतदारसंघ संपला आणि आमचे दोन्ही भाग धुळ्याला जोडले गेले. लगेच २००९ मध्ये निहाल अहमद धुळ्यातून लोकसभेला उभे राहिले. निकाल लागला तेव्हा भाजपचे प्रताप सोनवणे जिंकले होते, काँग्रेसचे अमरीशभाई पटेल हरले होते आणि निहालसाहेबांची मते या दोघांमधल्या फरकापेक्षा कितीतरी जास्त होती. त्यावरून घराघरांत झालेली भांडणे मला आठवतात.

२०२४ मध्ये हिशेब फिरला. धुळ्यातून काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. एकट्या 'मालेगाव मध्य'ने त्यांना दिलेली आघाडी होती सुमारे १ लाख ९४ हजारांची. मग पाच-सहा महिन्यांनी विधानसभा आली. एकत्र उभे राहिलेले तेच मतदार आता दोन जवळपास सारख्या तुकड्यांत वाटले गेले. एमआयएमचे मुफ्ती इस्माईल यांना १,०९,६५३ मते आणि शेख रशीद यांचे पुत्र आसिफ शेख यांना १,०९,४९१. फरक १६२ मतांचा. निहाल अहमद यांची कन्या शान-ए-हिंद याही समाजवादी पक्षाकडून रिंगणात होत्या. म्हणजे १९९९ ची लढत पुढच्या पिढीत, बदललेल्या हद्दीत, पुन्हा चालूच.

मुलाच्या प्रश्नाकडे परत येतो. आयोगाच्या आदेशात वॉर्ड लिहिलेले आहेत ते त्या वेळचे. नंतर महापालिकेने प्रभाग कितीही वेळा बदलले तरी विधानसभेची रेषा हलली नाही. म्हणून त्याचे अब्बा घराबाहेर पडून थोडे चालले की दुसऱ्या आमदाराच्या हद्दीत जातात.

ही रेषा पुढची जनगणना झाल्यावर पुन्हा आखली जाईल. मसुदा राजपत्रात येतो, हरकती मागवतात, जाहीर बैठका होतात. राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार आयोगाचे सहयोगी सदस्य असतात, पण त्यांना मताचा अधिकार नसतो. एकदा अंतिम आदेश निघाला की न्यायालयाची वाट फार अरुंद. म्हणजे जे बोलायचे ते हरकतींच्या मुदतीतच. मागच्या वेळी तो मसुदा वाचलेला एकही माणूस माझ्या ओळखीत नव्हता. मी तेव्हा नुकताच बीएड होऊन नोकरीला लागलो होतो. मीही वाचला नव्हता.

त्या मुलाला मी शहराचा नकाशा काढून आणायला सांगितले आहे. नदी निळ्या पेन्सिलीने, मतदारसंघाची हद्द लाल पेन्सिलीने.