परीक्षा घेणारे विद्यापीठ आणि त्याची माणसे

मुंबई विद्यापीठाची स्थापना 18 जुलै 1857 रोजी झाली. उत्तर हिंदुस्थानात उठावाचा वणवा पेटलेला असताना कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे एकाच वर्षी तीन विद्यापीठे निघाली. आधार होता 1854 चा वुडचा खलिता आणि नमुना लंडन विद्यापीठाचा. कॉलेजांनी शिकवायचे, विद्यापीठाने अभ्यासक्रम आखायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची, अशी वाटणी होती. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन पहिले कुलपती झाले आणि सर विल्यम यार्डली पहिले कुलगुरू. विद्यापीठाला स्वतःचे वर्ग नव्हते, स्वतःचे प्राध्यापक नव्हते, इमारतही नव्हती. कारभार टाऊन हॉलमधून चाले. अशा संस्थेला जो लौकिक लाभला तो तिच्या परीक्षेला बसलेल्या माणसांनी मिळवून दिला, आणि पुढे त्याच माणसांनी तिचे रूपही पालटले.

पहिली मॅट्रिक परीक्षा 1859 मध्ये झाली आणि 1862 मध्ये बी. ए.चे पहिले चार पदवीधर बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. मुंबई इलाखा सिंधपासून धारवाडपर्यंत पसरलेला, आणि त्यात बी. ए. झालेली माणसे एका हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. चौघेही एल्फिन्स्टन कॉलेजचे. तिथले प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे ग्रीक तत्त्वज्ञानाचे जाणकार होते आणि लवकरच तेच विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. रानडे एम. ए., एलएल. बी. करून न्यायखात्यात गेले. भांडारकर संस्कृतच्या अध्यापनात रमले.

रानड्यांचे विद्यापीठाशी असलेले नाते मात्र पदवीने संपले नाही. ते फेलो म्हणून सिनेटवर आले आणि तिथे त्यांनी देशी भाषांचा प्रश्न लावून धरला. सुरुवातीच्या काही वर्षांनंतर विद्यापीठाने पदवी परीक्षांतून मराठी, गुजराती, कानडी काढून टाकल्या होत्या. संस्कृत, फारसी, लॅटिन या अभिजात भाषा तेवढ्या उरल्या. मराठीत शिकण्याजोगे वाङ्मय आहेच कुठे, असा आक्षेप घेतला जाई. रानड्यांनी मराठी ग्रंथांचा आढावा घेऊन त्याला उत्तर दिले आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. जानेवारी 1901 मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास एम. ए.च्या परीक्षेत देशी भाषांना जागा मिळाली. मराठीच्या उच्च शिक्षणाचा इतिहास लिहायचा तर पहिले प्रकरण या सिनेटमधल्या झगड्याचे असावे लागेल.

इमारत उभी राहिली ती कापसाच्या पैशातून. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस इंग्लंडला जाईनासा झाला, मुंबईत सोन्याचा पाऊस पडला आणि कापसाचे दलाल प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी 2 लाख व मनोऱ्यासाठी आणखी 2 लाख रुपये दिले. मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव असावे एवढीच त्यांची इच्छा होती. पदवीदान सभागृहाला सर कावसजी जहांगीर यांनी 1 लाख दिले. 1865 मध्ये सट्ट्याचा फुगा फुटून प्रेमचंद बुडाले, पण देणगी कामी आली. लंडनचे वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत पाऊलही न टाकता नकाशे करून पाठवले. सभागृह 1874 मध्ये आणि 280 फुटी राजाबाई टॉवर 1878 मध्ये पुरा झाला. सभागृहाच्या गोल खिडकीत रंगीत काचांवर 12 राशी आहेत. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे 24 पुतळे आहेत. ज्या काळी पदवीधरांत काही मोजक्याच जातींची नावे दिसत, त्या काळी विद्यापीठाच्या माथ्यावर मात्र सारा मुलूख उभा होता.

लो. टिळक व गोपाळ गणेश आगरकर डेक्कन कॉलेजातून, तर गोपाळ कृष्ण गोखले व धोंडो केशव कर्वे एल्फिन्स्टनमधून याच विद्यापीठाचे पदवीधर झाले. राजकोटच्या मोहनदास गांधींनी 1887 मध्ये मॅट्रिक दिली तीही मुंबई विद्यापीठाचीच, अहमदाबादच्या केंद्रावर. स्त्रियांना पदवी परीक्षांचा दरवाजा 1883 मध्ये उघडला आणि डेक्कन कॉलेजच्या कॉर्नेलिया सोराबजी विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. पुढे ऑक्सफर्डला कायदा शिकूनही वकिलीची सनद मिळण्यासाठी त्यांना कित्येक वर्षे वाट पाहावी लागली.

कुलगुरुपद पहिली 35 वर्षे युरोपियनांकडेच राहिले. 1892 मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग पहिले भारतीय कुलगुरू झाले. भगवद्गीतेचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर मॅक्सम्युलरच्या ग्रंथमालेत निघाले होते. 1893 मध्येच, वयाच्या अवघ्या 43 व्या वर्षी ते गेले. त्यांच्या जागी आले भांडारकर. पहिल्या तुकडीतला विद्यार्थी 31 वर्षांनी त्याच विद्यापीठाच्या कुलगुरूच्या खुर्चीत बसला.

भीमराव आंबेडकर 1912 मध्ये एल्फिन्स्टनमधून बी. ए. झाले, नंतर सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागले आणि 1935 मध्ये सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. 1927 मध्ये मुंबई विधिमंडळात विद्यापीठ कायद्याचे दुरुस्ती विधेयक आले तेव्हा सिनेटवर मागासवर्गीयांना प्रतिनिधित्व हवे, असा आग्रह त्यांनी धरला. मनोऱ्यावरच्या दगडी माणसांना आत जागा मिळावी, असेच ते मागणे होते.

परीक्षा घेणाऱ्या संस्थेतून शिकवणारी संस्था घडली ती कुलगुरू सर चिमणलाल सेटलवाड यांच्या प्रदीर्घ कारकिर्दीत, 1917 ते 1929 या काळात. 1919 मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि नगररचनेचे अभ्यासक सर पॅट्रिक गेडीस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. 1924 मध्ये आले गोविंद सदाशिव घुर्ये. मालवणचे घुर्ये संस्कृतचे पंडित, केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आलेले. भारतातले समाजशास्त्र ज्या पिढीने उभे केले तिच्यातले किती जण घुर्यांच्या हाताखालून गेले, हे पाहिले की थक्क व्हायला होते: एम. एन. श्रीनिवास, इरावती कर्वे, अ. र. देसाई. इरावतीबाईंनी 1928 मध्ये घुर्यांकडे एम. ए. केले आणि मग त्या बर्लिनला गेल्या. अर्थशास्त्रात सी. एन. वकील व त्यांचे शिष्य पी. आर. ब्रह्मानंद यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात सरकारी धोरणाहून वेगळी वाट सांगितली. पोटाला लागणाऱ्या वस्तूंच्या उत्पादनावर भर द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या काळात इंग्रजी विभागातले रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. रानड्यांच्या वेळी ज्या भाषेच्या ग्रंथभांडाराविषयी शंका घेतली जात होती तिच्यातच तो उतरला, हे विशेष.

विज्ञानाच्या बाजूने 1933 मध्ये रासायनिक तंत्रज्ञान विभाग निघाला. माटुंग्याचे यूडीसीटी म्हणून तो ओळखला गेला. के. वेंकटरामन त्याचे पहिले भारतीय संचालक. तिथले प्राध्यापक मनमोहन शर्मा रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्यांचेच विद्यार्थी रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेले, गिरगावात गरिबीत वाढलेले आणि महापालिकेच्या शाळेत शिकलेले माशेलकर पुढे सीएसआयआरचे महासंचालक झाले. 2008 मध्ये यूडीसीटी विद्यापीठापासून वेगळे होऊन अभिमत विद्यापीठ झाले.

स्वातंत्र्य आले तेव्हा कुलगुरू होते महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे. त्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास 1930 ते 1962 अशी 32 वर्षे खंडाखंडाने निघत होता. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. पुणे, गुजरात, कर्नाटक ही विद्यापीठे निघाली तसा मुंबईचा मुलूख आकसत गेला. मुक्तीनंतर गोव्यातली कॉलेजे काही काळ मुंबईशी जोडलेली होती, 1985 मध्ये गोव्याचेही विद्यापीठ झाले. 1966 ते 1971 या काळात निवृत्त सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर कुलगुरू होते. त्यानंतर बहुतेक विभाग फोर्टातून कलिन्याला गेले.

पहिल्या महिला कुलगुरू मेहरू बेंगाली 1986 मध्ये आल्या, सोराबजींच्या पदवीनंतर जवळपास 100 वर्षांनी. 1995 मध्ये बालशल्यचिकित्सक डॉ. स्नेहलता देशमुख कुलगुरू झाल्या. त्यांच्याच कारकिर्दीत, 1996 मध्ये, ‘बॉम्बे’ जाऊन ‘मुंबई’ हे नाव अधिकृत झाले आणि विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्रावर आईचे नाव छापले जाऊ लागले.